एक पाटा जास्त

गेल्या वसंतातली गोष्ट. जेवणं आटोपली होती आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसला. दोन उन्हाळे लोकांची अंगणं आणि हिरवळी राखायचं काम करून त्याने पैसे साठवले होते आणि त्यातून एक जुना पिकअप ट्रक घेतला होता. २०१६ची फोर्ड एफ-१५०, चारही चाकांना जोर मिळणारी. आता त्याला ती उंच करायची होती. चार 'लिफ्ट किट' निवडून त्याने त्यांचा तक्ता केला होता : २ इंच, ३ इंच, ४ इंच, ६ इंच. पुढे किंमत, बसवायची मजुरी आणि सोबत लागणाऱ्या टायरांचं माप. सगळ्यात स्वस्त किट दोनेकशे डॉलरचं होतं, सगळ्यात महागडं मजुरीसकट चार हजारांच्या पलीकडे जात होतं.

"बाबा, तू इंजिनिअर आहेस. यातलं कोणतं घेऊ ते सांग."

मी तक्ता पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "म्हणजे पाटा वाढवायचाय तुला."

त्याला पाटा कळेना. त्याचा जन्म इथला, नॉर्थ कॅरोलायनातला. त्याच्या शब्दकोशात पाटा म्हणजे फार तर चटणीचा. मी त्याला कमानपाटे समजावून सांगायला लागलो आणि बोलता बोलता लक्षात आलं, की गाडी उंच करण्याच्या या खटाटोपाला चांगला लांबलचक इतिहास आहे आणि त्यातला एक तुकडा आमच्या घरात, निफाड तालुक्यात घडलेला आहे. पुढचे काही आठवडे मी तो इतिहास चाळत होतो. किट निवडायला त्याचाच उपयोग झाला.

आधी पाट्यांबद्दल. पोलादाच्या किंचित वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध आवळून केलेली कमान म्हणजे पाटे. लंडनच्या ओबादाया इलियट या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराने १८०४ मध्ये लंबगोलाकार कमानीचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या घोडागाड्यांमध्ये डबा बहुधा चामडी पट्ट्यांवर टांगलेला असे आणि खाली लाकडाचा जड सांगाडा लागत असे. कमान आली आणि गाडीचा डबा थेट आसावर बसवता आला. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी माझ्या मुलाच्या ट्रकच्या मागच्या आसावर आजही पाटेच आहेत. वजन पेलायला याहून साधी आणि दणकट गोष्ट अजून तरी फारशी कुणाला सुचलेली नाही.

अमेरिकेत मोटार आली तेव्हा तिला उंच असण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९०४ मध्ये इथल्या सरकारने देशभरातल्या ग्रामीण रस्त्यांची पहिली मोजणी केली. वीस लाख मैलांहून जास्त रस्ते भरले आणि त्यांतले जेमतेम सात टक्के खडी वगैरे टाकून सुधारलेले होते. बाकी सगळी माती. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाच्या वाळून दगड झालेल्या चाकोऱ्या. १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांनी मॉडेल टी बाजारात आणली ती या रस्त्यांसाठी. पोटाखाली सुमारे दहा इंच मोकळी जागा, मोठी सडपातळ चाकं, पुढे एक आणि मागे एक अशा आडव्या कमानी. चाकोरीत एक चाक खाली गेलं तरी गाडी वाकडीतिकडी होऊन निघून जायची. शेतकऱ्यांनी या गाडीच्या मागच्या भागाला स्वतःच लाकडी खोकी ठोकून माल वाहायला सुरुवात केली आणि ते पाहून १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली गाडी काढली. किंमत २८१ डॉलर. आज ज्याला आपण पिकअप म्हणतो, त्याची सुरुवात ही. तिच्या उंचीबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत किंवा नाकंही मुरडली नाहीत. रस्ताच तसा होता.

यानंतरचा टप्पा आमच्या दाराशीच घडलेला आहे आणि तो सांगताना मुलगा पहिल्यांदा लॅपटॉप मिटून ऐकायला लागला.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला डोंगराळ भाग आहे. तिथे चोरून मक्याची दारू गाळायचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी कर चुकवायला हा धंदा सुरूच राहिला. रात्रीच्या अंधारात हा माल शहरांकडे नेणारे तरुण साध्यासुध्या दिसणाऱ्या फोर्ड गाड्या वापरत. १९४०ची फोर्ड कूपे त्यांची विशेष लाडकी. इंजिन तर ते बदलतच, पण खरी मेख मागच्या कमानींत होती. शंभर गॅलन माल भरला तर नुसत्या दारूचंच वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. साध्या कमानी दबून गाडीचं बूड टेकलं की पोलिसांना लगेच कळायचं. म्हणून कमानींना जादा पट्ट्या घालून त्या ताठ केल्या जात. भरलेली गाडी मग चारचौघींसारखी सपाट दिसायची. गंमत म्हणजे रिकामी परतताना तिचं बूड हवेत असायचं आणि अनुभवी अंमलदार तेवढ्यावरून तिला ओळखायचे.

या पोरांनी डोंगरातल्या वळणांवर गाडी हाकायची जी कला कमावली, त्यातून इथल्या मोटारशर्यतींना पहिले नामवंत चालक मिळाले. विल्क्स काउंटीतले ज्युनिअर जॉन्सन हे त्यांतले सर्वांत गाजलेले. १९५६ मध्ये ते वडिलांच्या भट्टीवर पकडले गेले, तुरुंगात गेले, सुटल्यावर पुन्हा शर्यती जिंकले आणि १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. नॅसकार ही संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. कारखान्यातून जशा निघाल्या तशाच गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या मैदानावर झाली. शार्लट म्हणजे आमच्या घरापासून अडीच-तीन तासांवर. ग्लेन डनवे हे पहिले आले. शर्यतीनंतर त्यांच्या १९४७च्या फोर्डची तपासणी झाली तेव्हा मागच्या कमानींची मोडतोड केलेली आढळली. दारूवाल्यांची जुनी युक्ती! ते बाद झाले आणि दुसरे आलेले जिम रोपर विजेते ठरले. गाडीचा मालक कोर्टात गेला, पण कोर्टाने त्याला परत पाठवलं. आज अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या या खेळाच्या पहिल्याच शर्यतीचा निकाल पाट्यांवरून फिरला, हे ऐकून मुलगा खूश झाला. "म्हणजे लिफ्ट ही आपल्या राज्याची परंपरा आहे तर," म्हणाला.

मी म्हटलं, परंपरा आहे खरी, आणि आपल्या घराचीही आहे.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००३ मध्ये एक जुनी पिकअप घेतली होती. आमचे कांदे लासलगावच्या मार्केटला न्यायला आणि उरलेल्या दिवसांत इतरांचा माल भाड्याने वाहायला. कागदावर गाडी एक टनाची. पण एक टन भरून भाडं परवडत नाही, हे निफाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी घेतल्याच्या पंधरवड्यात नानांनी ती पिंपळगावला नेली आणि मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. मिस्त्री म्हणाले, "आता बिनधास्त भरा." गाडी रिकामी असली की तिचं बूड वर उठलेलं दिसायचं, अगदी त्या दारूवाल्यांच्या फोर्डसारखं. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो की त्या ताठ गाडीत बसून हाडं खिळखिळी व्हायची. पण नाना खूश होते आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने पाटा वाढवणं ही हौस नसते.

या गोष्टीचं उरलेलं अर्धं मी त्या रात्री मुलाला सांगितलं नाही. ते पुढे येईल.

अमेरिकी पिकअपची उंची पुन्हा वाढली ती चारही चाकांना जोर देण्यामुळे. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३०च्या दशकातच फोर्डच्या ट्रकांना पुढचा चालता आस बसवून द्यायची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. त्याच जातीची जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि ती आपल्याकडच्या खेडोपाडी पोचली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, डॉजने आपल्या लष्करी ट्रकवरून पॉवर वॅगन काढला. मिनिॲपोलिसची नॅपको कंपनी शेवरोलेच्या ट्रकांसाठी पुढच्या आसाचा जोडसंच विकायची. १९५७ पासून तो शेवरोलेच्या कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. १९५९ मध्ये फोर्डने स्वतःचा चारचाकी जोराचा ट्रक आणला. पुढच्या आसात डिफरन्शियलचा मोठा गोळा आला की त्याला वरखाली व्हायला इंजिनाखाली जागा लागते. म्हणून असा ट्रक आपसूकच वर उचलला जायचा. शेतकरी, जंगलखात्याचे लोक, विजेच्या तारा ओढणारे, यांना त्या जोराची गरज होती. उंची त्याच्याबरोबर आली.

१९६३च्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी उलट काही मालावर जकात लावली. त्यात हलक्या ट्रकांवरचे २५ टक्केही होते. बाकीची बरीचशी जकात गेली, ट्रकांवरची राहिली. परदेशी पिकअपला इथे मुक्त शिरकाव मिळाला नाही आणि ही बाजारपेठ मुख्यतः घरच्या तीन कंपन्यांच्या हातात राहिली. पिकअपला 'अस्सल अमेरिकी' हे वलय मिळण्यात त्या कोंबड्यांचाही वाटा आहे.

उंची हाच हेतू कधी झाला, याचं उत्तर शोधायला सेंट लुईसला जावं लागतं. तिथे बॉब चँडलर नावाचे बांधकामाच्या धंद्यातले गृहस्थ १९७४ची फोर्ड एफ-२५० बाळगून होते. सुट्टीच्या दिवशी ते ती रानावनात घालत आणि काही ना काही मोडून आणत. भाग मिळेनात म्हणून त्यांनी बायकोच्या आणि मित्राच्या साथीने स्वतःचंच दुकान थाटलं. मोडलेल्या भागाच्या जागी मजबूत भाग टाकायचा, मग त्याला शोभतील असे मोठे टायर, ते टायर मावायला गाडी आणखी उंच, त्या टायरांना फिरवायला लष्करी ट्रकचे आस, की पुन्हा आणखी मोठे टायर, असं ते चक्र फिरत गेलं. पायाचा जोर जरा जास्तच असल्यामुळे गाडी सारखी मोडते, अशी थट्टा व्हायची. त्यावरून ट्रकचं नाव पडलं 'बिगफूट'. १९८१ मध्ये चँडलर यांनी एका शेतात दोन भंगार मोटारी उभ्या करून त्यांच्यावरून हा ट्रक चालवला आणि त्याची चित्रफीत दुकानात लावून ठेवली. ती एका कार्यक्रम भरवणाऱ्याने पाहिली. पुढच्या काही वर्षांत 'बिगफूट'चा नवा अवतार ६६ इंची टायरांवर भरलेल्या स्टेडियममध्ये मोटारी चिरडू लागला.

लहान मुलांनी ते पाहिलं आणि ती मुलं मोठी होऊन ट्रक घेऊ लागली. दुकानांच्या फळ्यांवर किट आले. आता रस्ता कसा आहे, हा प्रश्न मागे पडला. शेजारच्याचा ट्रक किती इंच आहे, हा पुढे आला.

एवढं झाल्यावर आम्ही त्या तक्त्याकडे परतलो. कारण किट समजून घ्यायचं तर इतिहासाचा आणखी एक सांधा लागतो. जुन्या ट्रकांना पुढेही अखंड आस आणि पाटे असत. तिथे गाडी उंच करणं हे लोहारकाम होतं. जास्त बाकाचे पाटे टाकले की झालं. १९८० मध्ये फोर्डने चारचाकी ट्रकांचा पुढचा आस दोन तुकड्यांत विभागला. १९८८ मध्ये जनरल मोटर्सने, १९९७ मध्ये एफ-१५० ने पुढची दोन्ही चाकं पूर्ण स्वतंत्र केली. बसायला सुख आलं, पण पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे, सुकाणूच्या सळ्यांचे आणि चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्यांचे कोन कारखान्यात ठरून येऊ लागले. गाडी उचलली की हे सगळे कोन बिघडतात.

मुलाच्या तक्त्यातल्या चार किटांमधला फरक या कोनांचा होता. पहिलं, २ इंचाचं, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसवायची एक चकती. पिकअपचं नाक कारखान्यातून थोडं खाली असतं, म्हणजे मागे माल भरला की गाडी सपाट होते. ही चकती ते नाक रिकाम्या गाडीत वर आणते. कोन बिघडतात, पण सोसता येतील इतके. दुसरं, ३ इंचाचं, चेसिस आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतं. चाकांचे कोन जसेच्या तसे राहतात, मात्र चेसिस तिथेच राहते, म्हणजे पोटाखालची जागा इंचभरही वाढत नाही. तिसरं आणि चौथं ही खरी किट. त्यांत पुढचा आडवा सांगाडा, डिफरन्शियल आणि दांड्यांचे टेकू, सगळंच खाली घेतात, चाकाचा सांधा नवा येतो. मागे आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा किंवा नवे पाटे. काम चोख केलं तर कोन मूळच्या जवळपास राहतात.

मग मी त्याला विचारलं, की मागच्या डिफरन्शियलखालची जागा ६ इंची किटने किती वाढेल? तो म्हणाला, सहा इंच. मी कागदावर काढून दाखवलं : शून्य. मागचा आस चाकांच्या मध्यावर आहे, किट त्याच्या वर बसतं. तो आस वर न्यायचा एकच मार्ग, मोठे टायर. आणि टायरचा व्यास दीड इंचाने वाढला, तर आस पाऊणच इंच वर जातो.

तो थोडा हिरमुसला. त्याला ट्रक न्यायचा होता आउटर बँक्सला, मित्रांबरोबर मासे पकडायला. तिथे कॅरोव्हाच्या बाजूला डांबरी रस्ता संपतो आणि लोक आपापल्या घरी समुद्रकाठच्या वाळूतूनच जातात. मीही तिथे गेलो आहे. वाळूत गाडी रुतते ती उंची कमी पडते म्हणून क्वचितच. टायरात हवा जास्त असते म्हणून रुतते. हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. त्याला खर्च शून्य.

"पण बाबा, ते चांगलं दिसतं," तो शेवटी म्हणाला. हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं हे मला आवडलं. चांगलं दिसावं म्हणून माणसं काय काय करतात. आमच्या गावी बैलांची शिंगं रंगवतात, त्यांत उपयोग शोधायला कोण जातं?

मग मी त्याला आणखी एक आकडेमोड दाखवली. अमेरिकी सरकारचं रस्तासुरक्षा खातं २००१च्या मॉडेलांपासून प्रत्येक गाडी उलटण्याचा धोका किती, याचं मानांकन देतं. त्याचा मूळ आधार एक साधा भागाकार आहे : दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींचा आकडा साधारण १.३० ते १.५० येतो, पिकअप आणि एसयूव्हींचा १.०० ते १.३०. हिशेबापुरतं धरून चालू, की रुंदी ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर. ६६ भागिले ५६, म्हणजे जवळपास १.१८. आता ६ इंची किट आणि मोठ्या टायरांमुळे गुरुत्वमध्य ५ इंच वर गेला असं समजा. ६६ भागिले ६६, बरोबर १. फक्त नाक २ इंच उचललं तर गुरुत्वमध्य इंचभर वर जाईल आणि आकडा १.१४ राहील. २०१२च्या मॉडेलांपासून इथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे, पण तीही कारखान्यातल्या उंचीचा हिशेब धरून जुळवलेली असते.

आकडे बोलत असताना मला नानांची गाडी दिसत होती. तेव्हा मी उरलेली गोष्ट सांगितली.

२००५चा एप्रिल. उन्हाळ कांद्याची आवक जोरात होती. पाटे वाढवलेले, त्यामुळे वजन झेपतंय म्हणून गोण्यांचा थर टपाच्याही वर गेलेला. वर आमच्याकडे कामाला असलेला एक गडी बसला होता, लासलगावला गोण्या उतरवायला. कालव्याच्या रस्त्याला एक वळण आहे, तिथे समोरून ट्रॅक्टर आला. नानांनी गाडी बाजूला घेतली, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त असेल. पाटे मोडले नाहीत. मिस्त्रींचं काम पक्कं होतं. गाडी आख्खीच्या आख्खी कुशीवर गेली. नानांच्या कपाळाला चार टाके पडले. वरून फेकल्या गेलेल्या त्या माणसाचा पाय मांडीत मोडला. दवाखान्याचा सगळा खर्च नानांनी केला, वर्षभर त्याच्या घरी धान्य दिलं. पाय आखूड राहिला तो राहिलाच.

गाडी दुरुस्त झाल्यावर नानांनी ते जादा पाटे काढून घेतले. कितीतरी दिवस ते पडवीत पडून होते. पाट्याचं पोलाद चिवट, लोहार ते मागून नेतात. शेवटी एका लोहाराने त्यांचे कोयते करून दिले. नाना या विषयावर फारसं कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "मी आत बसलो होतो रे. तो वर बसला होता."

मुलगा गप्प होता. मग त्याने विचारलं, "आजोबांनी मला हे कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, मलाही त्यांनी एकदाच सांगितलं.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण अमेरिकेतल्या उंच ट्रकांच्या इतिहासाचा शेवटचा भाग याच प्रश्नाचा आहे. उंचीचा फायदा आतल्याला मिळतो, तिची किंमत कोण मोजतो? आमच्या राज्यात काही वर्षांपूर्वी ट्रकचं नाक आकाशाकडे आणि बूड जमिनीकडे ठेवायची फॅशन आली होती. तिला 'कॅरोलायना स्क्वाट' असंच नाव होतं. चालकाला समोरचा रस्ताच दिसेना. १ डिसेंबर २०२१ पासून नॉर्थ कॅरोलायनाने कायद्याने ती बंद केली : पुढची बाजू मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून जास्त उंच नको. नंतर व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही तसे कायदे केले.

पण सपाट उंच ट्रकांचं काय? अमेरिकेत २००९ मध्ये वाहनांनी ४,१००च्या आसपास पादचाऱ्यांचे जीव घेतले, २०२२ मध्ये हा आकडा ७,५००च्या वर गेला. कारणं पुष्कळ आहेत, त्यांत गाड्यांची वाढती नाकं हे एक. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या जवळपास १८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाडीची धडक, ३० इंच किंवा त्याहून कमी आणि उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा, प्राणघातक ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्या पिकअप तर किट न लावताच ४० इंच ओलांडतात.

मागे बघायचा कॅमेरा आज इथल्या प्रत्येक नव्या गाडीत असतो. मे २०१८ पासून तो सक्तीचा आहे आणि ज्या कायद्यामुळे तो आला त्याला एका दोन वर्षांच्या मुलाचं नाव दिलेलं आहे. स्वतःच्याच घराच्या दारात, स्वतःच्याच वडिलांची गाडी मागे येताना तो मुलगा गेला. वडील लहान मुलांचे डॉक्टर होते. समोरच्या बाजूसाठी असा सक्तीचा कॅमेरा नाही. समोरचं तर दिसतंच, असं आपण गृहीत धरतो.

पुढच्या रविवारी आम्ही ते तपासलं. मुलाच्या एका मित्राकडे याच जातीचा ट्रक आहे, ६ इंच उचललेला. दोन्ही ट्रक आमच्या दारात उभे केले. वाहतुकीचा नारिंगी शंकू, २८ इंच उंचीचा, पुढे सरकवत नेला आणि त्याचं टोक चालकाच्या जागेवरून कधी दिसायला लागतं ते टेपने मोजलं. मुलाच्या ट्रकसमोर साधारण साडेसहा फुटांवर दिसलं, मित्राच्या ट्रकसमोर नऊ फुटांवर. मुलांना वाटत होतं, की उंच बसलं की जास्त दिसतं. लांबचं दिसतंही. पण डोळ्यांबरोबर बॉनेटची कडही तेवढीच वर जाते आणि जवळची जमीन तिच्यामागे लपते.

आम्ही मोजत असताना शेजाऱ्यांची चार वर्षांची मुलगी काय चाललंय ते पाहायला तिची तीनचाकी घेऊन आली. तिला आम्ही ट्रकसमोर अजिबात येऊ दिलं नाही, तिच्या आईकडे पाठवलं. मित्र चालकाच्या जागेवर बसून होता. खाली उतरल्यावर म्हणाला, ती आलेली त्याला कळलीच नाही.

निर्णय मी सांगितला नाही. ट्रक त्याचा, पैसे त्याचे. दोन दिवसांनी त्याने तक्ता पुन्हा उघडला आणि तीन ओळी खोडल्या. २ इंची चकती घेतली, तीही दीड इंचाचीच मिळाली ती. सोबत वाळूला आणि मातीला चालतील असे पाऊण मापाने मोठे टायर, चाकांची अलाइनमेंट, आणि दिव्यांचा झोत खाली घेणं, कारण नाक वर गेलं की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उरलेल्या पैशांतून हवा भरायचा छोटा पंप आणि समोरच्या जाळीत बसवायचा कॅमेरा घेतला. एका शनिवारी चकत्या आम्ही दोघांनी मिळूनच बसवल्या. स्प्रिंग आवळायचं काम मात्र गॅरेजकडे दिलं, कारण आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

संध्याकाळी त्याने नानांना व्हिडिओ कॉल लावला आणि ट्रकभोवती फोन फिरवून दाखवला. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी बराच वेळ मागचे पाटे बघितले.

"किती टाकतोस मागे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. मासे."

नाना हसले. म्हणाले, "मग असू दे आहेत तेवढेच."